खरा दिसणारा जमाव

"हा जमाव आहे का परेड?" आम्हाला कवायत शिकवणाऱ्या बोडखे उस्तादांनी डोक्यावरची टोपी काढून मांडीवर आपटली. "दगडफेक करायला निघालाय ना तुम्ही? मग पावलं एका तालात कशाला पडतायत? ए तांदळे, दात काय काढतेस? बघ जरा तुझ्या मैत्रिणींकडं!"

मी दात काढत होते हे खरं. समोर दृश्यच तसं होतं. आमच्याच प्लॅटूनमधल्या निम्म्या मुलींना साधे कपडे घालायला लावून उस्तादांनी 'जमाव' केला होता आणि उरलेल्या आम्ही हेल्मेट, ढाल, काठी घेऊन पोलीस. जमावाच्या हातात कापडाचे बोळे होते, ते दगड. पण इतके महिने कवायत करून करून त्या पोरींच्या अंगात ती इतकी भिनली होती, की चिडून चालून येतानाही रांग मोडत नव्हती. जमावाची पुढारी होती भारती गवारे, माझ्या शेजारच्या कॉटवरची. तिनं मूठ आवळून "महागाई कमी करा" अशी आरोळी ठोकली आणि सवयीनं खाडकन टाच जुळवली. त्यावर मैदानाबाहेर गवत काढणाऱ्या बायकासुद्धा हसल्या.

पोलीस प्रशिक्षण केंद्रातले आमचे शेवटचे दिवस होते ते. दीक्षांत संचलनाच्या आधी मोठे साहेब येणार आणि त्यांच्यापुढे 'दंगा काबू योजने'चं प्रात्यक्षिक व्हायचं. बाह्यवर्गाचे, म्हणजे मैदानावरच्या प्रशिक्षणाचे, शेवटचे गुण त्याच्यावर. त्यात पास तर प्रमाणपत्र, प्रमाणपत्र तर नेमणूक. नापास झालं तर पुढच्या बॅचबरोबर सगळं पहिल्यापासून. माझ्यापुरतं बोलायचं तर, नवऱ्यानं टाकल्यावर भरतीचं वय सरता सरता मी ही नोकरी मिळवली होती आणि दोन वर्षांची पोर आईकडे गावाला ठेवून आले होते. पोर आजीलाच आई म्हणायला लागली होती. कँटीनच्या फोनवरून मी बोलले की ती मला 'पोलीस' म्हणायची. माझा जीव त्या प्रमाणपत्रात अडकला होता.

मागच्या वर्षी म्हणे साहेब असाच गुळगुळीत जमाव बघून खो-खो हसले होते. ते हसणं प्राचार्यांच्या फार जिव्हारी लागलं होतं. त्यांनी उस्तादांना बोलावून सांगितलं, "यंदा जमाव खरा दिसला पाहिजे." आणि दुसऱ्या दिवशी उस्ताद जमाव म्हणून खाणवस्तीतली माणसं घेऊन आले; आता आम्ही सगळ्याच मुली पोलीस.

खाणवस्ती आमच्या केंद्राच्या मागेच होती. दगड फोडणाऱ्यांची दहा-बारा खोपटी. त्यांची शहराकडे जायची पायवाट पूर्वीपासून केंद्राच्या जागेतून जायची. आम्ही येण्याआधी थोडेच दिवस प्राचार्यांनी तिथं भिंत घातली. तेव्हापासून वस्तीतली पोरं शाळेत जायला खाणीच्या काठाकाठानं लांबचा वळसा घ्यायची. हे मला यल्लाबाईनं सांगितलेलं. यल्लाबाई त्याच वस्तीतली, आमच्या मेसमध्ये भाकऱ्या थापायला होती. तोंडानं तिखट, पण मी रात्रपाळीची गार्ड करून आले की माझी भाकरी चुलीजवळ ऊन ठेवायची. मी तिला मावशी म्हणायचे, ती मला पोरी.

त्या जमावात तीही आली. नवं कोरं हिरवं लुगडं नेसून आली होती, जशी काही जत्रेला निघालीय.

"मावशी, तुम्हीपण दंगा करणार?" मी विचारलं.

"करावं तर. लगीन झाल्यापासनं केला न्हाई," ती म्हणाली आणि वस्तीच्या बायका पदरात तोंड घालून हसल्या.

उस्तादांनी त्यांना घोषणा शिकवली, महागाईचीच. पण ती कुणाच्या तोंडातून धड येईना. "तोंडात मिठाची गुळणी धरलीय का?" उस्ताद ओरडले. मग जरा विचार करून म्हणाले, "बरं, असं करू. घोषणा मनापासून आली पाहिजे. तुम्हाला खरंच काय पाहिजे ते ओरडा. काय पाहिजे तुम्हाला?"

वस्तीची माणसं एकमेकांकडं बघायला लागली. यल्लाबाईच म्हणाली, "वाट."

"कसली वाट?"

"भितीतनं. आमची वाट."

उस्तादांचा चेहरा क्षणभर कोरा झाला. मग त्यांनी टाळी वाजवली. "झकास! तेच ओरडा. वाट द्या, वाट द्या! होऊ द्या मोठ्यानं!"

आणि काय सांगू, मैदान दणाणलं. म्हातारी माणसंसुद्धा मुठी उगारून ओरडायला लागली. ऐकणाऱ्याच्या अंगावर काटा यावा असं ते ओरडणं होतं. भारती माझ्या कानाशी म्हणाली, "बघ बाई, ह्याला म्हणतात अॅक्टिंग!" मलाही त्या वेळी ते गमतीचंच वाटलं.

तालमीत सगळं ठरल्याप्रमाणे झालं. जमाव पुढे येतो, बोळे फेकतो. लाल अक्षरांचा कापडी फलक उघडायचा: पांगा, नाहीतर बळाचा वापर होईल. मग शिट्टी, मग कर्ण्यावरून इशारा, मग धुराची नळकांडी. तरी जमाव हटला नाही तर आमची काठीची रांग धावत पुढे जाणार आणि काठ्या धाडधाड जमिनीवर आपटणार. त्याबरोबर जमावानं चुन्याच्या रेघेपलीकडे पळायचं. वस्तीच्या बायका पळताना इतक्या हसत होत्या की दोघी-तिघी एकमेकींत अडकून पडल्या. शेवटी स्ट्रेचरवाल्या मुली यायच्या आणि 'जखमींना' पट्ट्या बांधायच्या. त्या पट्ट्यांवर आदल्या दिवशीच लाल शाई शिंपडून ठेवलेली असे.

हे सगळं आम्हाला वर्गातही शिकवलं होतं. कायदा शिकवायला तळवलकर मॅडम होत्या. त्या आमच्याकडून पाढे म्हणवून घ्यावेत तसं म्हणवून घ्यायच्या. आधी जमाव बेकायदा जाहीर करा, पांगायला सांगा, वेळ द्या, ऐकलं नाहीच तर कमीत कमी बळ, काठी कमरेखाली, आणि जो प्रतिकार करत नाही त्याला हात लावायचा नाही. लेखी परीक्षेत यावर हमखास प्रश्न यायचा. आमच्या प्लॅटूनमध्ये त्यात कुणाचाच गुण गेला नव्हता.

प्रात्यक्षिकाच्या दिवशी सकाळपासून मंडपात खुर्च्या, त्यांना पांढरी कव्हरं, साहेबांच्या खुर्चीवर टर्किशचा टॉवेल. मेसच्या मागे मटणाची डेग चढलेली. वस्तीच्या माणसांना जेवण कबूल केलं होतं, एवढंच आम्हाला ठाऊक होतं. साहेब आले, सलामी झाली, बिगुल वाजला. आम्ही ढाली धरून रांगेत उभ्या होतो तेव्हा बोडखे उस्ताद आमच्या पाठीमागून रांगेच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत चालत गेले. तोंड न हलवता बोलायची त्यांना सवय होती.

"आज जमिनीवर नाही," ते म्हणाले. "अंगावर. कमरेखाली. आवाज अंगाचा आला पाहिजे."

मला वाटलं, मी चुकीचं ऐकलं. मी भारतीकडं पाहिलं. तिनं हेल्मेटचा पट्टा नीट केला, बस.

जमाव आला. "वाट द्या! वाट द्या!" बोळे आमच्या ढालींवर पडले. मंडपातून साहेब शेजारच्या प्राचार्यांना म्हणाले ते मला स्पष्ट ऐकू आलं, "अरे, हे फार जिवंत वाटतंय! घोषणा कुणाची कल्पना?" प्राचार्य नम्रपणे हसले. फलक उघडला, शिट्टी झाली, कर्णा झाला, धूर झाला.

"काठी, पुढे!"

आम्ही धावलो. आणि जमाव पळालाच नाही. तालमीत खिदळत पळणाऱ्या त्या बायका, ते म्हातारे, सगळे होते तिथंच उभे राहिले. घोषणाही थांबल्या. बायकांनी पदराचे बोळे दातांत धरले होते. माझ्यासमोर यल्लाबाई आली. ती माझ्याकडं बघत होती. तिनं जरासा पाय पुढे केला, काय करतेय ते मला कळलं नाही.

माझ्या डावी-उजवीकडं आवाज सुरू झाले. जमिनीवर काठी आपटण्याचा आवाज निराळा आणि हा निराळा. तो ओला आवाज होता. मी काठी खाली केली आणि उभी राहिले. मला काही थोर सुचलं होतं अशातला भाग नाही. हात वर जाईना, एवढंच.

"तांदळे!" मागून उस्ताद.

मी हलले नाही. मग भारती तिची जागा सोडून माझ्या पुढ्यात आली आणि तिनं माझ्या वाटणीचं काम केलं. पहिली काठी यल्लाबाईच्या नडगीवर बसली. ती वाकली, हात खाली गेला, आणि दुसरी मनगटावर. भारतीची जीभ दातांत धरलेली होती, सुईत दोरा ओवताना ती धरायची तशी. ही पोरगी माझ्या तापात रात्रभर माझ्या कपाळावर पट्ट्या ठेवत बसली होती.

स्ट्रेचरवाल्या धावत आल्या. यल्लाबाईच्या सुजायला लागलेल्या मनगटावर त्यांनी शाईनं रंगवलेली पट्टी बांधली, कारण पेटीत दुसरी नव्हतीच. साहेब मंडपातून उतरून आले, वाकून बघितलं आणि म्हणाले, "मेकअप कुणी केलाय? फर्स्ट क्लास!"

टाळ्या पडल्या. जाता जाता साहेब थबकले आणि त्यांनी माझ्याकडं बोट केलं. "ही एक का उभी होती?" प्राचार्यांचं हसू तिथल्या तिथं वाळलं.

बराकीत आल्यावर मी भारतीला विचारलं, "का मारलंस?"

"अगं, नाटकच होतं ते!" ती बूट सोडत म्हणाली. "आणि तू उभी राहिलीस म्हणून मला दोघींचं करावं लागलं. सगळ्या प्लॅटूनचे गुण जातील तुझ्या पायी. काय मिळवलंस?"

तिला खरोखर राग आला होता. बाकीच्याही माझ्याशी बोलेनात. रात्री बडाखान्याला, केंद्राच्या मेजवानीला, सगळ्या बोटं चाटून मटण जेवल्या. मी गेलेच नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी प्राचार्यांनी मला ऑफिसात उभं केलं. टेबलाच्या एका बाजूला उस्ताद उभे, दुसऱ्या बाजूला तळवलकर मॅडम बसलेल्या. प्राचार्य चहात बिस्कीट बुडवत होते. आवाज अगदी मायेचा.

"तांदळे, तुझं बाकीचं सगळं चांगलं आहे. लेखीत तर तू पहिल्या पाचांत. घरी लहान मुलगी आहे ना? मग असं कर. ऊन होतं, हेल्मेट जड होतं, चक्कर आली, असं या कागदावर लिहून दे. मी शेरा मारतो. परवा संचलन कर आणि मुलीकडं जा."

"चक्कर नव्हती आली सर."

"मग काय आलं होतं?"

"किळस आली होती सर."

माझ्या तोंडून ते निघून गेलं. उस्ताद पुढे सरकले, पण प्राचार्यांनी हातानं थांबवलं. ते चिडले नाहीत. चिडले असते तर मला बरं वाटलं असतं. त्यांनी विरघळलेलं बिस्कीट चमच्यानं कपातून काढलं, खाल्लं आणि म्हणाले, "आदेश होता. आदेश पाळला नाहीस."

"सर, ती माणसं प्रतिकार करत नव्हती. उभी होती. वर्गात मॅडमनीच शिकवलंय..."

"मॅडम," प्राचार्य वळले, "नियमाप्रमाणे काही चुकलं का कालच्यात?"

मी तळवलकर मॅडमकडं पाहिलं. इतके महिने मी त्या बाईंचा शब्द न् शब्द झेलला होता. त्यांनी चष्मा काढला, पदरानं पुसला, पुन्हा घातला. "इशारा दिला होता," त्या म्हणाल्या. "जमाव पांगला नाही. काठी कमरेखालीच होती. मनगटाला लागलं ते तिनं हात खाली नेला म्हणून. नियमाप्रमाणे ठीक आहे सर."

नियम त्यांनी जसाच्या तसा म्हणून दाखवला होता, फक्त शेवटचं वाक्य गाळून. या खोलीतल्या चहाचा, बिस्किटाचा, त्या मायेच्या आवाजाचा मला इतका वीट आला की पोरीचा चेहरा डोळ्यांपुढे असूनही मी तो कागद घेतला नाही.

"बाह्यवर्ग अनुत्तीर्ण," प्राचार्य म्हणाले. "पुढच्या बॅचला पहिल्यापासून. पुन्हा नऊ महिने. जा."

बाहेर आल्यावर मी कँटीनच्या फोनपर्यंत गेले आणि परत आले. आईला काय सांगणार? मैदानावर बँडचा सराव चालू होता. भारतीला सर्वोत्कृष्ट प्रशिक्षणार्थीचा चषक मिळणार हे एव्हाना सगळ्यांना कळलं होतं. कुठं जावं ते न सुचून मी मेसच्या मागे गेले.

यल्लाबाई चुलीपुढे बसली होती. उजव्या मनगटाला अजून तीच शाईची पट्टी. डाव्या हातानं ती पीठ मळत होती आणि ते तिला जमत नव्हतं. मी बाह्या वर सारल्या, परात माझ्याकडं ओढली आणि मळायला लागले. खरं सांगायचं तर, ती काहीतरी बरं बोलेल अशी मला आशा होती. सगळ्या केंद्रात एका माणसानं तरी म्हणावं, पोरी, तू बरं केलंस.

"का न्हाई मारलंस?" ती म्हणाली.

मला वाटलं, कौतुकानंच विचारतेय. "मावशी, तुम्हाला कशी मारणार?"

"काठीनं. हातात हुती की." तिचा आवाज कडक होता. "समद्यांनी मारलं. तुलाच काय झालं हुतं? म्या पाय म्होरं केला व्हता, तुला सोपं जावं म्हणून."

माझे हात पिठातच राहिले. "म्हणजे... तुम्हाला ठाऊक होतं?"

"तर! आदल्या सांजचं तुमचा उस्ताद आला हुता वस्तीवर. म्हनला, हितल्या मोठ्या साहेबांनी, भित घालनाऱ्यानं, सांगितलंय, दोन-दोन काठ्या खायच्या, पळायचं न्हाई. खेळ खरा दिसला, पावना खूस झाला, तर भितीत दार पाडून देतो." तिनं चुलीतलं लाकूड मागं ओढलं. "माझ्या सासऱ्यानं खाल्ल्या. माझ्या जावंनं खाल्ल्या, तिला पाचवा म्हयना हाय, तरी उभी ऱ्हायली पोटाला हात लावून. दारासाठी. आन् रातच्याला हितला साहेब म्हनला, पावन्यानं खोट काढली, एक पोलीसबाई नुसतीच उभी हुती म्हनला. आता दार फुडल्या बारीला बघू."

"फुडल्या बारीला?"

"फुडल्या पोरींच्या टायमाला. तवा परत खेळ हाय. परत बोलावनार हायेत आमाला."

आता मला कळलं. काल मैदानावर दातांत धरलेले ते पदर, पुढे आलेला तो पाय. मी म्हणाले, "मावशी, प्राचार्यांनी फसवलंय तुम्हाला. दार द्यायचंच नसणार त्यांना. तक्रार करू. मी साक्ष देईन."

"आन् मग मेसची भाकर कोन दील मला? तू?" ती म्हणाली. "वाट मागून मागून पाय झिजले पोरी. हापिसात गेलो, हाकललं. पयल्यांदा कुनी तरी म्हनलंय, देतो म्हनून."

मी पुन्हा पीठ मळायला लागले. बँड थांबला आणि पुन्हा पहिल्यापासून सुरू झाला.

"तू कवा जानार गावाला?" तिनं जरा वेळानं विचारलं. आता आवाजातली धार गेली होती.

"जात नाही. नापास केलं मला. पुढच्या बॅचबरोबर परत इथंच."

"लेकीचं काय मग?"

"राहील आईकडं."

ती च्‌च् करून हळहळली. खरीच हळहळली. मग तिच्या मनात काहीतरी आलं आणि तिचा चेहरा उजळला. ती सरकून माझ्याजवळ आली.

"म्हंजी फुडल्या खेळात तूबी असनार?"

"असणार."

"लई बेस झालं बग! मग माझ्याम्होरं तूच उभी ऱ्हा. त्या जीभ चावनाऱ्या पोरीसारखी नगं. तू कशी, हळू मारशील. जावंला आन् म्हाताऱ्यालाबी तुझ्याच अंगाला उभं करते." तिनं इकडंतिकडं बघितलं, सुजलेल्या हातानं लुगडं गुडघ्याच्या वर घेतलं, आणि पिठानं भरलेला माझा हात धरून आपल्या मांडीवर ठेवला.

"हितं मार," ती मला समजावून सांगू लागली. "नडगीवर नगं. हितं हाडाला लागत न्हाई, आन् आवाज चांगला येतो."